सात मिनिटांत भूल चढत नाही

साहेब, गुन्हा तुमचा आहे. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईला तुम्ही कधी पाहिले नाही, तिच्या दाढेला हात लावला नाही, म्हणून आपण सुटलो असे समजू नका.

मित्रांनो, मी दातांच्या सरकारी दवाखान्यातली एक जुनी, स्टीलची सिरिंज आहे. माझ्या पोटात औषधाची काचेची नळी बसवतात, तोंडाला नवी सुई लावतात आणि काम झाले की धुऊन वाफेच्या यंत्रात ठेवतात. एकोणीस वर्षे हेच चालले आहे. चकाकी गेली, पण माझा दट्ट्या अजून सरळ चालतो.

आमच्या डॉक्टरीणबाई पूर्वी दाढ बधिर झाल्याशिवाय चिमट्याला हात लावत नसत. सुई दिली की स्टूल ओढून बसत आणि रुग्णाला समजावत. "नसेच्या पडद्यात बारीक बारीक दारं असतात. दार उघडलं की सोडियम आत धावतं आणि दुखण्याची बातमी मेंदूकडे निघते. हे औषध पडद्यातून आत शिरतं आणि आतल्या बाजूने त्या दारात जाऊन बसतं. मग सोडियम येणार कुठून?"

एकदा एक गवंडी जड झालेल्या ओठांनी म्हणाला, "म्हणजे घरजावईच की हो! आत घुसला, उंबऱ्यावर फतकल मारली, आता कुणाला येऊ देत नाही."

मदतनीस मावशींच्या हातातला कापसाचा बोळा हसता हसता पडला. "घरजावईच," बाई म्हणाल्या, "पण त्याला मुरायला वेळ लागतो. खालच्या दाढेला दहा-पंधरा मिनिटं तरी."

मग साहेब, वरच्या कचेरीतून तुमच्या सहीचे पत्रक आले. एका रुग्णाला सात मिनिटे. खुर्चीसमोर घड्याळ लागले आणि स्टूल कोपऱ्यात गेले.

ती शिवणकाम करणारी बाई आली तेव्हा तिचा गाल सुजून डोळा बारीक झाला होता. सोबत थोरली बहीण होती. डॉक्टरीणबाईंनी आत पाहिले आणि मावशींना हळूच म्हणाल्या, "पू आहे. पू असला की तिथे आम्ल वाढतं, औषध पडद्याबाहेरच अडकतं. पुवापासून दूर, पार मागे नसेच्या मुळाशी सुई द्यायची आणि वीस मिनिटं थांबायचं."

"वीस? बाहेर सव्वीस जण बसलेत. आणि जास्त वेळ लावला म्हणून काल आलेला मेमो विसरलात?"

डॉक्टरीणबाई विसरल्या नव्हत्या. त्यांनी मला उचलले, एकदाच सुई दिली आणि चौथ्या मिनिटाला चिमटा घेतला.

"आई गं! अहो, दुखतंय!"

"दुखत नाही, नुसतं दाबल्यासारखं वाटतंय."

"तोंड माझं आहे, मला विचारा की!"

तिने डॉक्टरांचा हात ढकलला आणि उठली. बहीण म्हणाली, "अगं, इतकं सोसलंस, आणखी जरा."

"ताई, आता नाही. या खुर्चीत पुन्हा नाही."

डॉक्टरीणबाई तिच्यामागे दोन पावले गेल्या. तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला गेला. माझ्या पोटात अर्धे औषध तसेच शिल्लक होते.

नवव्या दिवशी बहीण एकटीच आली. धाकटीची सूज गळ्यात उतरली होती, श्वास कोंडला होता, मोठ्या इस्पितळात नेईपर्यंत सगळे संपले होते. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "तिला सुई लागू का पडली नाही, ते सांगा फक्त." मावशींनी तिला पाणी दिले.

मित्रांनो, अशा वेळी आम्ही जुन्या वस्तू सांगतो की आम्हाला नीट पुसा, जपून ठेवा. मला कितीही पुसा. पत्रक अजून भिंतीवर आहे. डॉक्टरीणबाई आता रुग्णाने तोंड उघडण्याआधीच म्हणतात, "दाबल्यासारखं वाटेल." उद्याही म्हणतील. परवाही. मला यातून काही बदलेल असे वाटत नाही, आणि खोटा धीर मी देणार नाही.

साहेब, बहिणीने नंतर तुमच्याकडे केलेल्या लेखी तक्रारीला तुमचे उत्तर एका ओळीचे आले. मावशींनी ते मोठ्याने वाचले: "रुग्ण स्वतःहून उपचार सोडून गेली."

स्वतःहून? त्या खुर्चीतून तिला कोणी उठवले, त्याचे नाव लिहा. खाली सही करा. आणि तो कागद पोस्टाने पाठवू नका. बहीण बाहेर बाकावर बसली आहे. या, आणि तिच्यासमोर उभे राहून वाचा.