आबांच्या दुखण्याचा आकडा

प्रशांतच्या हाताखाली दुखणं टिकतच नव्हतं. बाकीच्यांचे पेशंट सुया टोचून घेऊनही कुरकुरत बसायचे. याचे मात्र उठून दोन पावलं चालायचे आणि "एकदम ठीक, साहेब" म्हणून मोकळे व्हायचे. मग गडी फुगणार नाही तर काय!

मिरजेत एका हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरत होता. माजी सैनिकांच्या दवाखान्यांतल्या लोकांना दुखण्यावरचं ॲक्युपंक्चर शिकवायचं, म्हणजे म्हाताऱ्या जवानांच्या पोटात जाणाऱ्या गोळ्या कमी होतील, एवढाच हेतू. शिकवायला कर्नल प्रियदर्शनी पाटील, फौजेतून निवृत्त झालेल्या डॉक्टर, मूळच्या सांगलीच्या. बोलायला मऊ, पण चूक दिसली की चष्म्यावरून अशा बघायच्या की समोरच्यानं आपसूक टाचा जुळवाव्यात. शिकणाऱ्यांत डॉक्टर होते, नर्स होत्या, आष्ट्याची ब्राह्मी नावाची फिजिओथेरपिस्ट होती आणि साताऱ्याच्या दवाखान्यातला हा प्रशांत होता. फौजेत नर्सिंग असिस्टंट म्हणून उमर घालवून हवालदार होऊन घरी आलेला.

रीत साधी होती. कानात पाच जागा. एका जागी तिळाएवढी सुई बसवायची, पेशंटला उठवून खोलीत एक फेरी मारायला लावायची आणि विचारायचं: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे अजिबात सोसत नाही, तर आता किती? मग दुसरी सुई. सुया कानातच राहतात, काही दिवसांनी आपल्याआप गळून पडतात. सगळी भिस्त त्या आकड्यावर. पुढची सुई बसवायची का, गोळी कमी करायची का, हे आकडा बघूनच ठरायचं. वर्गाच्या शेवटी शिकणाऱ्यांची परीक्षा होती, तीही याच आकड्यांवर.

ब्राह्मीचे आकडे जागचे हलायला तयार नसायचे. आठाचे सात, फार तर सहा. प्रशांत तिला चिडवायचा, "मॅडम, तुमच्या सुया बोथट हायत का काय? आमच्याकडं बघा, दुसऱ्या सुईला दोन!"

"तुमचे पेशंट तुम्हाला घाबरतात," ब्राह्मी म्हणायची.

"घाबरत्यात म्हनं! आवं, आमची हाताची सफाई हाय ती," असं म्हणून प्रशांत हसण्यावारी न्यायचा.

त्याचे सगळ्यात जवळचे पेशंट म्हणजे आबा. निवृत्त सुभेदार, माण तालुक्यातले, प्रशांतच्याच गावचे. प्रशांत फौजेत गेला तो आबांमुळं. भरतीच्या आधी त्यांनीच त्याला माळावर पळवलं होतं आणि घरी आणून दूध पाजलं होतं. आबांची कंबर बर्फातल्या चौकीवर ओझी वाहून कामातून गेलेली. दुखलं की गोळी, दुखलं की गोळी, असं करत करत मूत्रपिंडं खराब होत आली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, या गोळ्या सुटल्या नाहीत तर डायलिसिसला पर्याय नाही. पोरं मुंबईला. गावातून उठून सारखं डायलिसिसला जायचं, तर म्हाताऱ्या आबांना नेणार कोण? प्रशांतनं तिथंच मनाशी ठरवलं होतं, काय वाट्टेल ते करीन पण आबांच्या गोळ्या सोडवीन. म्हणून वर्गाला येताना तो आबांना आणि त्यांच्या बायकोला, मुक्ताबाईंना, एसटीनं मिरजेला घेऊन यायचा. पहिल्याच खेपेला आबांनी आकडा सांगितला पाच, आणि तिसऱ्या सुईला दोन. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. प्रशांतनं गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

पुढच्या महिन्यात आबांचं रक्त तपासलं, तर मूत्रपिंडं आधीपेक्षा बिघडलेली.

"गोळ्या बंद आहेत ना यांच्या?" कर्नल मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. दुखणंच दोनवर आलंय."

"मग हे असं कसं, हवालदार?"

प्रशांत तडक बाहेर बाकावर बसलेल्या मुक्ताबाईंकडं गेला.

"मुक्ताकाकी, आबा गोळ्या खात्यात का अजून?"

"आरं बाबा, ह्यांचं काय खरं धरतोस तू!" मुक्ताबाई म्हणाल्या. "खात्यात की. आधी दोन खायचे, आता दुकानातनं आनून तीन खात्यात. सवय लागलीया, तंबाकूवानी. शेतावर काम निघालं की गोळी खाऊन आडवं व्हायचं. आळशी मानूस हाय, मी पयल्यापासनं सांगत आले."

प्रशांतचं डोकंच फिरलं. खोलीत आबा खुर्चीवर बसले होते. तो त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिला, पाय फाकून, हात मागं बांधून.

"आबा! गोळ्या खाता का?"

आबांची पाठ सरळ झाली. "खातो."

"दुखतंय?"

"न्हाई. ठीक हाय."

"दुखत न्हाई तर खाता कशाला मग?"

आबा समोरच्या भिंतीकडं बघत राहिले. दारातून कर्नल मॅडम आत आल्या.

"हवालदार, असं उभं राहून विचारलंत तर मीसुद्धा ठीक आहे म्हणेन," त्या म्हणाल्या. "सकाळी आजाऱ्यांच्या रांगेत जवान उभे राहायचे, तेव्हा कसं विचारायचात?"

प्रशांतला आठवलं. असंच विचारायचा तो. काय झालंय, बरा आहेस की, घे गोळी, चल, पुढचा. रांगेत दुसऱ्यांदा दिसला की तो कामचुकार, असा सगळ्या पलटणीचा हिशेब. त्या रांगेत दुखतंय म्हणायची कुणाची छाती होती? आणि घरी आल्यावरही तो त्याच आवाजात विचारत होता, ही म्हातारी माणसं तेच उत्तर देत होती, आणि हा शहाणा त्याला हाताची सफाई समजत होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

तो खाली फरशीवर बसला, आबांच्या पायापाशी.

"आबा, तुमी दोन म्हनला, म्हनून गोळ्या बंद झाल्या. मग तुमी चोरून जास्त खायला लागला. असं का केलं?"

"तुजी परीक्षा हाय न्हवं," आबा म्हणाले. "गावचा पोरगा. माज्यापायी तुजं नाव का खराब व्हावं?"

"खड्ड्यात गेली परीक्षा! तुमी मरनाच्या वाटंला लागलाय, आन माजी परीक्षा कसली बघताय?" प्रशांतचा आवाज फाटला. "आबा, मला लय भ्या वाटतंय."

हे ऐकून आबांनी भिंतीवरची नजर काढली आणि त्याच्याकडं बघितलं.

"नऊ," ते म्हणाले.

"कवापासनं?"

"चौकीवरनं खाली उतरलो तवापासनं. कवा आठ, कवा नऊ. त्याच्या खाली कदी आलंच न्हाई."

मुक्ताबाई मॅडमच्या मागं दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पदर तोंडाला लावला. "नऊ? आन मी आळशी म्हनत आले ह्यांला. पाव्हन्यांफुडं म्हनले. सुनंफुडं म्हनले. आवं, एकदा तरी सांगायचं मला!"



प्रशांतनं गुडघ्यांवर उठून आबांच्या कानात पहिली सुई बसवली. आबा उठले, फेरी मारून आले. आठ. दुसरी, तिसरी. तरी आठच. पाचही सुया झाल्या तेव्हा सात. ब्राह्मीच्या आकड्यांपेक्षा काही वेगळं झालं नव्हतं. प्रशांतनं सात लिहिलं. कर्नल मॅडमनी ते वाचलं, आणि सातावर काय काय करता येईल ते बोलायला लागल्या. सुया चालू ठेवायच्या, ब्राह्मीनं कंबरेचे व्यायाम बसवून द्यायचे, मूत्रपिंडाला झेपेल तेवढंच औषध, आणि ते मुक्ताबाईंच्या हातून. डायलिसिस टळेल का, हे त्यांनी सांगितलं नाही. पण लांबवता येईल, एवढं म्हणाल्या.

मुक्ताबाईंचं लक्ष तिकडं नव्हतंच. त्या आबांशेजारी येऊन बसल्या होत्या.

"एक खरं सांगा," त्या म्हणाल्या. "मी वरडायची, काम करत न्हाई म्हनायची, तवा किती दुखायचं?"

आबा खुर्चीत ताठ झाले. समोर बघत, अगदी खणखणीत आवाजात म्हणाले, "तुज्या बोलन्यानं कदी दुखलंच न्हाई. शून्य."

प्रशांतच्या हातात पेन होतं. हा आकडा त्यानं लिहिला नाही, आणि खरा का, हेही विचारलं नाही.