पावतीवरचा शब्द

"आधी कस्टमचे पैसे, मग खोकं," कुरियरवाला दारातूनच म्हणाला. खोकं त्याने काखेत घट्ट धरलं होतं.

"अरे, पैसे मुलीने मागवतानाच भरलेत. पोचवायच्या खर्चासकट," मास्तर म्हणाले.

"ते दुकानाचे झाले, काका. हे सरकारचे. माल परदेशातून आलाय ना." त्याने कागद पुढे केला. खोक्यातल्या यंत्राच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा आकडा होता.

मास्तरांचा चेहरा पडला. आतल्या खोलीतून कानाबाईंचा आवाज आला, "परत पाठवून द्या. काही अडलं नाही माझं."

अडलं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. कानाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग पडला होता. कडेची खिडकी दिसे, दाराची चौकट दिसे. ज्याच्याकडे नीट पाहावं नेमकं तेच नाहीसं होई. डॉक्टरांनी औषध नाही म्हणून सांगितलं, पण असं एक यंत्र मिळतं हेही सांगितलं. कागद खाली ठेवायचा, वरच्या पडद्यावर एकेक अक्षर तळहाताएवढं होऊन दिसतं. दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीने ते शोधून मागवलं. सीमेवर पुन्हा पैसे पडतील हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मास्तर आत गेले आणि कपाटातलं पाकीट घेऊन आले. पैसे मोजून कुरियरवाल्याच्या हातावर ठेवले, पावती घेतली, खोकं आत आणलं.

"ते कवळीचे पैसे होते," कानाबाई म्हणाल्या.

"असू देत."

"आणि खाणार काय?"

"मऊ," मास्तर म्हणाले आणि खोक्याची चिकटपट्टी सोडवायला लागले.

कानाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते मुद्रणालयात पडलं. एकतीस वर्षं त्या तिथे मुद्रितं तपासत होत्या. शाळेची पुस्तकं, रेल्वेची वेळापत्रकं, लग्नपत्रिका, औषधांची माहितीपत्रकं, छापायला जाणारा प्रत्येक कागद आधी त्यांच्या टेबलावर येई. गळलेला काना त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून कानाबाई. एकदा लहान मुलांच्या औषधाचं पत्रक छपाईयंत्रावर चढलं होतं. मात्रेच्या आकड्यातला दशांशाचा ठिपका एक घर सरकल्याचं त्यांना ऐनवेळी दिसलं. त्या धावत खाली गेल्या आणि यंत्र थांबवायला लावलं. मालक तणतणत आला. "बाई, दोन हजार प्रती निघाल्यात. त्यांचं काय करू?"

"जाळा," कानाबाई म्हणाल्या.

मालक दिवसभर त्यांच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या, तर त्यांचं टेबल कोपऱ्यातून उचलून खिडकीशी, उजेडात मांडलेलं होतं. एवढंच. आजवर एकाही पुस्तकावर त्यांचं नाव छापून आलं नाही. पुस्तकात चूक नसली की तपासणारा कोण होता हे कोणी विचारत नाही.

डोळे गेले ते हळूहळू. एका शाळेच्या दैनंदिनीत 'शिक्षक दिन'चा 'शिक्षक दीन' होऊन गेला. वाचणारे पोट धरून हसले. कानाबाई हसल्या नाहीत. त्याच दुपारी त्यांनी राजीनामा लिहून दिला, आणि तो कोणाला तपासायला दिला नाही.

यंत्र टेबलावर मांडून झालं. मास्तरांनी हाताला लागला तो कागद खाली सरकवला. ती कस्टमची पावती होती. पडद्यावर अक्षरं उजळली. काळ्या डागाच्या बाहेरही उरतील एवढी मोठी. कानाबाई मान किंचित तिरकी करून बघत राहिल्या. बोटाने कागद सरकवला, पुन्हा सरकवला. मास्तर पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होते.

"दिसतंय?"

"दिसतंय," त्या म्हणाल्या. मग आवाज बदलला. "अहो, तुम्ही ही पावती वाचलीत?"

"मी बसमधला मास्तर. जन्मभर तिकिटं दिली, वाचली कधी?"

"वस्तूचा प्रकार, करमणुकीचे साधन." त्यांनी ते दोनदा वाचलं. "करमणूक?"

त्यांनी पावती उलटी केली. मागच्या बाजूला मुंगीच्या पायांसारख्या बारीक अक्षरांत नियम छापले होते. डोळे धड असलेला माणूसही त्या वाटेला गेला नसता. कानाबाई पहिल्या ओळीपासून निघाल्या. अकराव्या नियमाशी त्यांचं बोट थांबलं. दृष्टी अधू असलेल्या व्यक्तीच्या वाचनसाधनावर शुल्क आकरले जाणार नाही; वैद्यकीय दाखल्यासह सात दिवसांत अर्ज करावा.

"आणि 'आकारले'तला काना गळलाय," त्या म्हणाल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजात धार आली होती. मास्तरांना बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दोघं कस्टमच्या कचेरीत गेले. यंत्राची पिशवी मास्तरांच्या खांद्याला, दाखला कानाबाईंच्या हातात. दीड तासाने खिडकीशी नंबर लागला. आतला अधिकारी पस्तिशीचा असेल, चष्मा कपाळावर चढवलेला.

"आजी, याला पडदा आहे. पडदा असला की करमणुकीच्या यादीत जातं. कॉम्प्युटरच घेतो ते."

"कॉम्प्युटरला कोणी सांगितलं?"

"म्हणजे... आम्हीच भरतो."

"मग तुमच्याशीच बोलते. जरा प्लग कुठे आहे?"

मास्तरांनी यंत्र काढून खिडकीच्या फळीवर ठेवलं. अधिकाऱ्याने नकळत वायर घेतली आणि लावली. कानाबाईंनी पावती उलटी करून खाली ठेवली आणि अकरावा नियम पडद्यावर आणला. अधिकाऱ्याने चष्मा खाली ओढला. आपल्याच कचेरीचा नियम तो ओठ हलवत वाचत होता.

"हे मागे छापलेलं असतं होय?" तो म्हणाला.

"असतं."

त्याने दाखला पाहिला, अर्ज घेतला, शिक्का मारला. "पैसे परत मिळतील. महिना-दीड महिना लागेल, पण मिळतील." मास्तरांनी वायर गुंडाळायला हात घातला. कानाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"आणि पावती?"

"पावतीचं काय? पैसे मिळतायत की."

"त्यावर करमणूक लिहिलंय."

"आजी, आता त्याने काय फरक पडतो?"

"मी एकतीस वर्षं वाचण्याचं काम केलं," कानाबाई शांतपणे म्हणाल्या. "घर त्यावर चाललं, मुलगी शिकली. करमणूक म्हणून नाही वाचलं मी. पैसे मागाहून येऊ देत. शब्द आधी दुरुस्त करा."

"कॉम्प्युटरमध्ये आता बदलता येत नाही."

"पेन आहे ना तुमच्याकडे?"

अधिकाऱ्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघत होते. या आवाजापुढे कोणाचं काही चालत नाही हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं. अधिकाऱ्याने पेन काढलं, 'करमणुकीचे साधन'वर रेघ मारली, वर 'वाचनसाधन' लिहिलं आणि पावतीच्या तळाशी सही करायला गेला.

"तिथे नाही," कानाबाई म्हणाल्या. "खोडलेल्या शब्दाच्या शेजारी करा. नाहीतर उद्या कोणीही म्हणेल, आम्हीच घरी बसून खोडलं."

त्याने शब्दाशेजारी सही केली. न सांगता तारीखही घातली. मग पावती खिडकीतून बाहेर सरकवली.

मास्तरांनी ती घडी घालायला घेतली, पण कानाबाईंनी त्यांच्या हातातून काढून पुन्हा यंत्राखाली ठेवली. मान तिरकी केली. पहिल्या अक्षरापासून, बोटाने ओळ धरून, त्या कागद हळूहळू पुढे सरकवू लागल्या. मागे रांग दारापर्यंत गेली होती. कोणीतरी खाकरलं, कोणीतरी पुढे वाकून खिडकीत डोकावू लागलं.

अधिकाऱ्याने हात वर केला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "बाई वाचतायत."