ठिपका

दुरुस्तीवालीने फोन दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिला आणि विचारलं,

“याचं कुलूप कुणी तोडलंय?”

काउंटरपलीकडे दंतवैद्याच्या दवाखान्यातली मदतनीस उभी होती. दिवसभर हातमोजे घालून तिची बोटं पांढरी पडली होती. बँकेचं अ‍ॅप चालत नाही, एवढीच तिची तक्रार होती.

“माझ्या नवऱ्याने. कंपनीची बंधनं काढली की फोन हवा तसा सजवता येतो, म्हणाला. अक्षरं, रंग, सगळं त्यानेच बदलून दिलं.”

“म्हणूनच बँक दारात उभं करत नाही. पण इथे आणखीही काही लपवून बसवलंय.” दुरुस्तीवालीने आवाज खाली आणला. “तुम्ही कुठे आहात ते हे दुसऱ्या एका फोनला कळवतं.”

मदतनीस स्टुलावर टेकली. येता-जाता वाट जरा वाकडी केली, तरी नवऱ्याला ते आधीच ठाऊक असायचं. तो रागवायचा नाही. नुसता हसून त्या जागेचं नाव घ्यायचा. ‘मनकवडा आहे हो माझा नवरा,’ असं ती चारचौघांत कौतुकाने सांगायची.

“आता कोण बघणार? गेल्या वर्षी अपघातात गेला तो.”

दुरुस्तीवालीने पडद्यावरची वेळ पुन्हा एकदा वाचली.

“आज दुपारीही कुणीतरी बघितलंय.”

घरी परतताना रस्ताभर कुणीतरी मागून चालत असल्यासारखं तिला वाटत राहिलं. ती थांबली की तेही थांबे. फोन बंद करावा म्हणून तिचा हात पर्समध्ये गेला. बंद केला तर त्याला कळेल, असं मनात आलं. हात तसाच बाहेर आला.

घरात शिरताच तिने कपाट उघडलं. नवऱ्याच्या कपड्यांखाली तिनेच ठेवलेला त्याचा फोन तिथे नव्हता.

तो सासूबाईंच्या मांडीवर होता. त्या खिडकीजवळ बसल्या होत्या, चार्जरची वायर भिंतीपर्यंत ताणलेली.

“आलीस?” सासूबाई म्हणाल्या. “त्या दुकानात फार वेळ लागला गं आज.”

तिने दाराची चौकट धरली.

“तुम्ही बघता?”

“त्यानेच दाखवलं होतं. हा ठिपका म्हणजे ती, म्हणाला.” सासूबाईंची नजर फोनवरच होती. “तो गेला त्या दिवशी तो कुठे आहे ते दाखवणारा ठिपका माझ्याकडे नव्हता. तू आपल्या घराच्या वळणाला लागलीस, की माझा जीव भांड्यात पडतो.”

“आणि तो असताना? मला सांगावंसं नाही वाटलं?”

सासूबाईंनी चष्मा काढला. काचा लख्ख झाल्या, तरी त्या पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवालीने फोन कंपनीतून आला होता तसा करून दिला. त्याने निवडलेली अक्षरं गेली, रंग गेले. कुणाचाही असावा तसा तो दिसू लागला.

ती रस्त्यावर येते न येते, तोच फोन वाजला.

“अगं, ठिपका गेला,” सासूबाई म्हणाल्या.

“मीच काढायला लावला, आई.”

पलीकडून चाचरत प्रश्न आला,

“कुठे आहेस?”

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, त्या घरातून हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं.

“बाहेर आहे, आई,” ती म्हणाली. “येईन सावकाश.”