खोडलेली पांढरी साडी

साल १९८४. वांकिडीकडची पंचफुला आदिलाबादच्या मुलींच्या वसतिगृहात आली, त्याला पावसाळा उलटून गेला; पण तिच्याशी मराठीत बोलणारं तिथे कुणी भेटलं नाही. मुली वाईट नव्हत्या. तेलुगूत आपापसांत हसायच्या, आणि ही बापडी सगळ्यांचं हसून झाल्यावर हसायची.

म्हणूनच तेलुगूच्या निबंधस्पर्धेला ‘आमच्या घरचा सण’ हा विषय आला तेव्हा तिने त्यात जीव ओतला. पहिला येणारा निबंध पालकांच्या मेळाव्यात वाचायचा होता आणि आई येणार होती. सखूबाई हे आपलं नाव आईने माइकवर ऐकावं, एवढीच तिची हौस. दसऱ्याला आई पांढरी साडी नेसते, विहारात वंदना होते, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागतात, मग खीर. सगळं लिहिलं.

तेलुगूच्या बाईंनी कच्चा निबंध वाचला. बाई प्रेमळ, तीच तर पंचाईत. “सणाला पांढरी साडी?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. “घरात कुणी गेलं का गं?”

पंचफुलाने नुसतीच नाही म्हणून मान हलवली. सांगण्यापुरती तेलुगू होती तिच्याजवळ, धीर नव्हता.

“भाषा छान आहे. सण तेवढा सगळ्यांना कळेल असा कर.”

मग जेवणाच्या खोलीत बसून तिने पांढरी साडी खोडली, लाल केली. वंदना गेली, तेलुगू बायकांची फुलांची बतुकम्मा आली. फुलं कोणती, गाणी कधी म्हणतात, हे तिने शेजारच्या खाटेवरच्या मुलीला विचारून घेतलं. ती मुलगी पहिल्यांदाच तिच्याशी एवढा वेळ बोलली, आणि नेमकं तेव्हाच पंचफुलाला फार एकटं वाटलं. सखूबाईचं नाव कुठेच बसेना, तेही गेलं. खीर तेवढी राहिली.

निबंध पहिला आला. मेळाव्यात तिने तो न अडखळता वाचला. सगळ्यांत जास्त टाळ्या आईने वाजवल्या.

नंतर आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला. “लय चांगलं वाचलं वो पोरी. आपल्या संगं कापूस येचाले येतात, त्या तेलंगी बायाईच्या घरचं व्हय ना ते? मले सारं समजलं.”

“हो.”

“म्याडम तुयावर खूश हायेत. त्याईले इचारून पाय ना, पुढच्या बारीले आपल्या घरचं लिवलं तं चालन काय?”