ज्याची नजर पहिली

ओटोनियाने बर्फावर स्लेज थांबवली आणि तो कुत्र्यांच्या दोऱ्यांचा गुंता सोडवत बसला. गुंता कसला, दोऱ्या सरळ होत्या! पण कुत्री वाऱ्यावर नाकं धरून थरथरत होती.

"मामा, जरा पुढं बघा की," मान वर न करताच तो सासऱ्याला म्हणाला. "मी यात अडकलोय."

म्हाताऱ्या इमिनाने जावयाचं ऐकून पाहिलं. सगळं पांढरं. दोन हिवाळे झाले, डोळ्यांपुढचं धुकं काही हटत नव्हतं. सील श्वास घ्यायला बर्फात जे भोक ठेवतात, त्याच्याशी अस्वल तासन्‌तास दगडासारखं बसून राहतं. त्या पिवळसर अंगावरचा नाकाचा काळा ठिपका पूर्वी त्याला कोसभरावरून दिसायचा.

त्यांच्या वस्तीत अस्वल मारणाऱ्याचं नसतं, ज्याला आधी दिसलं त्याचं. इमिनाची अस्वलाच्या कातड्याची विजार गुडघ्यांवर पार टकली झाली होती. तिच्यावाचून माणसाला कुणी शिकारी म्हणत नाही, आणि स्लेजवर गारठून मरायची पाळी येते ती वेगळीच. बायको नाडुक ठिगळं लावून लावून थकली होती.

जावयाचा डाव त्याला कळला. बरंही वाटलं, रागही आला.

"ते बघ," म्हणत त्याने कुठंतरी बोट केलं. ओटोनियाने लगेच कुत्री मोकळी सोडली.

संध्याकाळी मारलेल्या अस्वलाच्या मांसाच्या वाटणीला अख्खी वस्ती जमली. मामांची नजर म्हणजे नजर, असं ओटोनिया ज्याला त्याला सांगत सुटला. म्हातारा अजून खमका आहे, असं लोकही म्हणाले. नाडुक तर नव्या विजारीसाठी तिथंच दोरी घेऊन हसत हसत नवऱ्याची कंबर मापायला लागली. तिचं ते हसणं इमिनाला सोसेना.

"सोड गं. मला काही दिसलं नव्हतं. आता काहीच दिसत नाही मला. अस्वल जावयाचं आहे."

 ओटोनिया काही बोलू पाहत होता, पण इमिनाने त्याला हातानेच थांबवलं. नाडुकने नवऱ्याच्या कमरेची दोरी काढली, जावयाला जवळ बोलावलं आणि ती त्याच्या कमरेला लावली.

कातडं तासून वाळल्यावर तिने ते घरात पसरलं. फुंकर मारली की पांढऱ्या केसांखाली काळीकुट्ट चामडी दिसे. ती सुरी घेऊन बसली.

"गुडघ्याला दाट केस लागतात," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा, कुठं कापू?"

इमिना आपल्या टकल्या गुडघ्यांवर बसला. कातड्याच्या केसांत बोटं खुपसून, डोळे मिटून, सावकाश सरकत गेला.

"इथं," तो म्हणाला, आणि ती कापेपर्यंत त्याने बोट हलवलं नाही.