मामालाच ऐकू येणारा पंखा

मामाने कानातली मशिनं परत करायचं जाहीर केलं, तेव्हा घरात सगळ्यात मोठा धक्का मामीच्या घशाला बसला.

मामाने उभं आयुष्य छापखान्यात काढलं. दिवसभर यंत्रं धडधडायची. निवृत्तीच्या दिवशी छापखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि कान ठेवून घेतले. मामाला हे अजिबात मान्य नव्हतं. त्याच्या मते त्याचे कान ठणठणीत होते, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते. त्यामुळे मामी वर्षानुवर्षं त्याच्याशी ओरडून बोलत आली. "चहा घेणार का?" हे ती अशा काही आवाजात विचारायची, की समोरच्या इमारतीतून होकार यायचा. शेवटी तिचा घसा बसला, तो उठलाच नाही. घशाच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घातली, बघितलं आणि विचारलं, "शिक्षिका आहात का?"

"नाही," मामी म्हणाली, "यांची बायको आहे."

डॉक्टरांनी ओरडायला बंदी घातली. गार हवेलाही. ऐकलं नाहीत तर आवाज कायमचा जाईल, असं बजावलं. म्हणजे आता एकतर मामाला ऐकू यायला हवं होतं, नाहीतर त्या दोघांनी उरलेलं आयुष्य एकमेकांना हातवारे करत काढायला हवं होतं. मामीचे हातवारे मी पाहिले आहेत. ते संसाराला पोषक नाहीत.

म्हणून मशिनं आली. वापरून बघा, पटली तर ठेवा, नाहीतर मुदतीत परत करा, अशा बोलीवर. ती मुदत आज दुपारी संपत होती आणि मामाचा निर्णय झाला होता.

"सारखं खर्रर्र होतं," तो म्हणायचा. "कानात कोणीतरी लाकूड कापतंय."

आम्ही त्याला समजावत होतो की मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. हे मी कुठल्यातरी पत्रकात वाचलं होतं. कदाचित मीच लिहिलं असेल. मी मामाकडे राहतो आणि घरगुती उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहायची नोकरी करतो. 'उपकरण पाण्यात बुडवू नये' हे वाक्य तुम्ही कुठे वाचलं असेल, तर ते माझं आहे. वाचलं नसेल, तर तेही समजू शकतो. या नोकरीमुळे मला यंत्रांतलं कळतं असा घरात समज आहे. तो पसरवायला मी बरीच मेहनत घेतली आहे.

मशिनं देणाऱ्या कानवाल्या मॅडमकडे आमच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. त्या मशिनांचा आवाज कमी करायच्या, मग मामाला काहीच ऐकू यायचं नाही. त्या वाढवायच्या, मग पुन्हा खर्रर्र. आपल्या मशिनांत दोष नाही असं त्यांचं म्हणणं, आणि आपल्या कानांत दोष नाही असं मामाचं. दोघंही माझ्याकडे बघायचे.

आता यातली मेख सांगतो. मामा घरात मशिनं घालतच नव्हता. "घरात ऐकण्यासारखं काय असतं?" असा त्याचा सवाल होता. मशिनं बाहेर जाताना घालायची. आणि मामा बाहेर जातो तो गाडीतून, कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा. म्हणजे त्या मशिनांनी जग म्हणून जे काही ऐकलं होतं, ते बहुतेक सगळं आमच्या गाडीत ऐकलं होतं. ही गोष्ट घरातल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आली नाही. घरात मी एकटाच शहाणा आहे.

आज सकाळी ऊन पडलं होतं. मामाला घेऊन मी पाव आणायला निघालो. ऊन असल्यामुळे, या थंडीत गाडीत कायम चालू असणारा हीटर बंद होता. अर्ध्या रस्त्यापर्यंत मामाने खर्रर्रचं नावही काढलं नाही. मग मी सवयीने हीटरचं बटण फिरवलं.

"बघ! झालं सुरू!" मामा म्हणाला.

मी बंद केलं.

"थांबलं."

चालू केलं.

"झालं सुरू. तू काय करतोयस रे?"

मी गाडी बाजूला घेतली. "मामा, हे मशीन नाही. हा हीटरचा पंखा आहे."

"मग तुला का नाही ऐकू येत?"

मी डोळे मिटून, श्वास रोखून, जीव कानांत आणून ऐकलं. मला फक्त गाडीचा आवाज आला. नेहमीचा. आमची गाडी असाच आवाज करते. आणि मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला, की आमची गाडी असाच आवाज करते हाच तर मुद्दा होता. मी आणि मामी त्या आवाजाला इतके सरावलो होतो, की आमच्या लेखी तो आवाजच नव्हता. थोडक्यात, गाडीतला पंखा बिघडला होता, आणि ते ऐकू येणारा घरातला एकमेव माणूस बहिरा होता.

"दुपारी मॅडमकडे हीटर बंद ठेवून जाऊ," घरी आल्यावर मी सुचवलं.

"म्हणजे मी मागे गारठून बसू?" मामी हळूच म्हणाली. "तुझी मामी आहे मी, फ्रीजमधला मटार नाही."

गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी गाडी टाका. मी म्हटलं, आज दुपारच्या आत हवंय, एका माणसाच्या कानांचा आणि एका बाईच्या आवाजाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "रेडिओ मोठा लावा."

तर मी स्वतःच पंखा दुरुस्त करायला घेतला. पहिल्यांदा गाडीची माहितीपुस्तिका उघडली. त्यात लिहिलं होतं: 'असाधारण आवाज आल्यास अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा.' आमच्या धंद्यात हे वाक्य कधी लिहितात ते मला माहीत आहे. लिहिणाऱ्याला काहीही माहीत नसतं तेव्हा.

मग मी बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

"काय दिसतंय?" मामाने विचारलं.

"इंजिन."

"शाब्बास. निम्मं काम झालं."

अडचण अशी होती, की आवाज गेला की राहिला हे मला कळणार नव्हतं. त्यासाठी मामा हवा होता, आणि मामाच्या कानात मशिनं हवी होती. त्याने आढेवेढे घेतले. शेवटी "परत करायच्या आधी एकदा उपयोग होऊ दे" म्हणत घातली आणि पुढच्या सीटवर न्यायाधीशासारखा बसला.

मी इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली आणि पंखा लावला.

"आहे," मामा म्हणाला.

म्हणजे इंजिनाचा संबंध नव्हता. बॉनेट मी उगाच उघडलं होतं. ते मी काहीतरी सिद्ध झाल्यासारखं बंद केलं. मग पंख्याचा वेग बदलून पाहिला. मामाच्या सांगण्यानुसार पहिल्यावर टिकटिक, दुसऱ्यावर खरखर, आणि तिसऱ्यावर मामाने दोन्ही हातांनी कान झाकले. हवा पायांकडे वळवली, काचेकडे वळवली, आवाजात फरक नाही. म्हणजे दोष हवेच्या वाटेत नव्हता, पंख्यातच होता.

"बेअरिंग गेलंय," मी जाहीर केलं. बेअरिंग म्हणजे नक्की काय, हे मी नंतर बघणार होतो.

"कागद अडकलाय," मामा म्हणाला. "यंत्रात कागद गेला की असंच करतं."

"मामा, हा पंखा आहे. छापखाना नाही."

"कान कुणाचे आहेत?"

पंखा असतो बाजूच्या सीटसमोरच्या कप्प्याच्या मागे, खाली, जिथे प्रवाशाचे पाय असतात. तिथे पोचायचं तर पाय सीटच्या पाठीवर टाकून, डोकं पायपुसण्यावर टेकवून उलटं पडावं लागतं. मी तसा पडलो. मामा बाहेर येऊन बॅटरी धरून उभा राहिला. बॅटरीचा झोत त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांवर अचूक धरला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका आजीबाईंनी त्याला विचारलं, "जिवंत आहेत ना?" मामाला ते पहिल्याच झटक्यात ऐकू आलं. "सध्या आहे," तो म्हणाला.

आधी कप्पा रिकामा केला. त्यातून वाळलेलं पेन, मामीचा एक हातमोजा आणि उघडून ठेवलेल्या गोळ्यांचा एक चिकट गठ्ठा निघाला. मग वायरचा प्लग काढला, स्क्रू काढले, आणि पंखा बदकन माझ्या तोंडावर पडला. जाळीच्या डब्यासारखा गोल होता, आणि त्याच्या पोटात वाळलेल्या पानांचा चुरा, काटक्या आणि ज्या झाडाखाली आम्ही गाडी लावतो त्याच्या पंखवाल्या बिया गच्च भरल्या होत्या. बेअरिंग अगदी धडधाकट होतं. नंतर बघितलं.

"कागद!" मामा म्हणाला.

"पानं आहेत, मामा."

"झाडाचे कागदच ते."

मी तोंडातला पाचोळा थुंकून टाकला. पंखा जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ केला, जिथे तो होता तिथली खोबण पुसली, आणि सगळं परत बसवलं. एक स्क्रू उरला. तो मी, उरायलाच हवा होता अशा चेहऱ्याने, खिशात टाकला. मग पंखा लावला.

"आता?"

मामा डोळे मिटून बसला होता. "काही नाही."

"तिसऱ्यावर टाकतो. आता?"

"काही म्हणजे काही नाही!"

मी हर्षाने उडी मारली आणि डोकं दाराला आपटलं. मामाने माझी पाठ थोपटली. आम्ही दोघं ती संपूर्ण शांतता अभिमानाने ऐकत राहिलो. मग मामाने हात हवेच्या जाळीसमोर धरला.

"शास्त्रज्ञ," तो म्हणाला, "वारा कुठाय?"

प्लग लावायचा राहिला होता.

मी पुन्हा उलटा पडलो, प्लग लावला. या वेळी वारा आला, आणि वाऱ्याचा तेवढा मऊ आवाज. मामा ऐकत राहिला. मी काही विचारणार तेवढ्यात त्याने बोट ओठांवर ठेवलं.

दुपारी मामी गाडीत येऊन बसली आणि आम्ही मॅडमकडे निघालो. मी चालवत होतो, मामा पुढे, मामी मागे.

"पंखा नीट झाला म्हणून मशिनं चांगली होत नाहीत," मामाने निघतानाच सांगून टाकलं. "द्यायची ती द्यायचीच. खिशात हरवायला नकोत म्हणून कानात ठेवलीत."

मला वाटलं, सकाळ फुकट गेली. मामीने खिडकीबाहेर बघत सुस्कारा टाकला आणि बोलायला लागली.

आता हे सांगायला हवं, की मामीला दोन आवाज होते. एक मामाला ऐकू जाण्यासाठी. तो डॉक्टरांनी बंद केला. दुसरा हळू, मनातलं बोलण्यासाठी, आणि तो ती खुशाल मामाच्या शेजारी बसून वापरायची. मामाच्या पानात भाजी वाढता वाढता ती त्याच्या बुद्धीविषयी, चपलांविषयी, त्याच्या बहिणीविषयी, म्हणजे माझ्या आईविषयी, जे वाटेल ते शांतपणे बोलायची, आणि मामा मान डोलवून म्हणायचा, "छान झालीय." मी त्या आवाजावरच वाढलोय. इतक्या वर्षांच्या सवयीत तिला कधी बघायची गरजच पडली नव्हती, की ऐकणाऱ्याच्या कानात मशिनं आहेत का; आणि एवढे दिवस गाडीत तो आवाज पंखा गिळून टाकत होता.

"शर्ट उलटा घातलाय," मामी म्हणाली. "चारचौघांत असेच मिरवणार. मशिनं देऊन येणार, आणि वर ऐट करणार."

मामाचा हात हळूच स्वतःच्या कॉलरकडे गेला. शर्ट उलटा होता.

मी खाकरलो. खोकलो. रेडिओ मोठ्याने लावला. मामाने तो बंद केला.

"कशाला लावतोस? पंखा ऐकायचाय मला."

"मामी," मी आरशात डोळे वटारले, "आज हवा छान आहे, नाही?"

"तू रस्त्याकडे बघ," मामी म्हणाली आणि चालू राहिली. "मला काय. सकाळी उठायचं, यांच्यासमोर बसायचं, आणि भिंतीशी बोलायचं. ओरडायची तरी सोय होती. भांडण तरी व्हायचं. आता तेही गेलं. घसा काय, बरा होईल. पण बोलायचं कुणाशी?"

गाडीत फक्त वारा होता. सिग्नल लाल होता.

"भिंतीला काय सांगतेस एवढं?" मामाने पुढे बघतच विचारलं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न वाजवला. मी गिअरऐवजी वायपर टाकला.

"तुम्हाला कधीपासून ऐकू येतंय?" मामी अगदी हळू म्हणाली.

"शर्टापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"तू बोलत होतीस ना. मध्ये कशाला बोलू?" मामा आता मागे वळला. "आणि माझ्या बहिणीबद्दल काय म्हणतेस ते परत म्हण बघू."

"आज काही म्हटलं नाही मी तिच्याबद्दल!"

"म्हणजे एरवी म्हणतेस."

आणि ते भांडायला लागले. मामी घशाला जपून, एकेक शब्द हातात धरल्यासारखा ठेवत. मामाही तिच्याएवढ्याच हळू आवाजात, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. किती जुनी भांडणं होती ती! चपला निघाल्या, कुठल्याशा लग्नातला आहेर निघाला, एक फुटलेली बरणी निघाली. मामी एखादं वाक्य बोलायची आणि थांबायची, आणि मामाकडून उत्तर यायचं. दर वेळी ती दचकायची. मग पुढचं वाक्य आणखी हळू टाकायची, नेम धरून.

मी मॅडमच्या दवाखान्यासमोर गाडी लावली. कोणी उतरेना.

"मामा, आलं."

"हो हो. तू जा आत," मामा म्हणाला. "हीटर राहू दे. सांग त्यांना, आज वेळ नाही."

"कशाला वेळ नाही म्हणून सांगू?"

"तुला काय करायचंय?" दोघं एकदम म्हणाले.

मी आत गेलो. कानवाल्या मॅडमनी मशिनांची रिकामी डबी पुढे सरकवली. "परत करायचं म्हणत होते ना? कुठे आहेत ते?"

मी काचेतून बाहेर बघितलं. गाडीच्या काचा आतून वाफेने धूसर झाल्या होत्या. हवा काचेकडे वळवायला मी विसरलो होतो. आत दोन डोकी एकमेकांकडे वाकलेली अंधुक दिसत होती, आणि मामीचं बोट हवेत होतं.

"मशिनं सध्या देता येणार नाहीत," मी म्हटलं. "वापरात आहेत."