इंजिन चालू असताना

इंजिनाची हवा तेलातून गाळणाऱ्या एअर क्लीनरची वाटी त्याने पुन्हा एकदा रॉकेलमध्ये बुडवली, फडक्याने कोरडी केली आणि दाराच्या उजेडाकडे धरून आतली रेघ पाहिली. तेल या रेघेपर्यंतच. रेघ पत्र्यातच उठवलेली होती, आंधळ्याच्याही बोटाला लागावी अशी.

मागे सासरे बर्फवाल्याला तीच गोष्ट सांगत होते.

"धूर म्हणजे किती? स्वतःचं नाक स्वतःला दिसेना!"

"नाक तसंही कुणाला दिसतं, आबा?" बर्फवाला म्हणाला.

आबांना ते ऐकू गेले नाही. ऐकू येणे त्यांनी केव्हाच सोडून दिले होते. सारे आयुष्य इंजिनांच्या शेजारी काढलेल्या माणसाचे कान ते. मात्र आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाही येत नसणार, अशा समजुतीने ते बोलत, आणि त्यांचा आवाज शेडच्या पत्र्यांवर आपटून गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

"मी आपला ग्राइंडरवर छिन्नीला धार लावतोय. इंजिनाकडे पाठ. तिकडे तुमचं जनरेटर पिसाळलं. पिसाळलं म्हणजे कळलं ना? स्वतःचंच तेल ओढून घेतं आणि धावत सुटतं. डिझेल बंद करा, काही करा, ऐकत नाही. हवेचं तोंड दाबलं तरच मरतं, नाहीतर फुटतं. भलेभले मिस्त्री अशा वेळी चपला टाकून पळतात, या डोळ्यांनी पाहिलेत! मला डोळे चुरचुरले तेव्हा कुठे मी वळलो. बघतो तर धुरात हे उभे. हवेचं तोंड नुसत्या तळहातानं दाबून धरलेलं!"

"नुसत्या हातानं?"

"जावईबापू, दाखवा हो हात त्यांना."

त्याने वाटी खाली ठेवली आणि तळहात पुढे केला. पट्टी कालच निघाली होती. मधोमध नव्या कातडीचा गुलाबी, चकचकीत चट्टा होता. बर्फवाला बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला, जणू देवळातल्या मूर्तीवरचा हार काढून कुणी त्याच्या हातात दिला होता.

"माझं इंजिन वाचवलंत," तो म्हणाला, "आणि माणूसही."

"छे, तसं काही नाही," जावई पुटपुटला. त्याची मान खाली गेली. त्याचे खाली मान घालणेही आता गोष्टीत जमा होऊ लागले होते: एवढे करूनही माणसाला गर्व कसा तो नाही.

पहिल्या दिवशी आबांनी सांगितले होते, हे इंजिनापाशी उभे होते. दुसऱ्या दिवशी हात इंजिनावर आला. मग तो हवेच्या तोंडावर सरकला आणि तिथेच घट्ट बसला. आबा खोटे बोलत नव्हते. भाजलेला हात त्यांनी पाहिला होता, बंद पडलेले इंजिन पाहिले होते. मधली जागा त्यांनी मायेने भरून काढली होती.

खरे एवढेच होते, की त्या दुपारी वाटीत तेल त्यानेच जास्त ओतले होते. जुने इंजिन, तहानलेले असेल, असे काहीसे त्याच्या मनात आले होते. लग्नाआधी तो घड्याळे दुरुस्त करी. सुईच्या टोकाएवढ्या तेलावर वर्षानुवर्षे चालणारी ती यंत्रे, कानाशी धरून ऐकायची. लोकांची घड्याळे दुरुस्त करून घेण्याची सवय मोडली, गाळा सुटला, आणि आबा आपणहून म्हणाले, "या की इकडे. चाकं ती चाकंच." घड्याळाला कंजुषीने तेल दिलेल्या हाताने बहुधा इथे उदारपणाची हौस भागवून घेतली. इंजिनाचा आवाज चढू लागला तेव्हा त्याने बंद करण्याची दांडी ओढली. आवाज चढतच राहिला. त्याने डिझेलचा कॉक फिरवला. फ्लायव्हीलची कड दिसेनाशी झाली, जमीन थरथरली, पांढरा धूर छतापर्यंत गेला, आणि तो पळाला.

दाराकडे जाण्याची वाट ग्राइंडरच्या मागून होती. जाताना त्याच्या शर्टाची बाही आबांच्या पाठीला लागली. ठिणग्यांवर डोळे रोखून बसलेल्या, हातातल्या छिन्नीच्या थरथरीखेरीज काही न जाणवणाऱ्या त्या पाठीवर एक थाप मारायला किती वेळ लागला असता? तो गल्लीपलीकडे पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. समोरच्या शिंप्याचे दुकान बंद होते, गल्ली दुपारची ओस होती. कुणी पाहिले नाही. आत इंजिन किंचाळले, मग ठसकले, मग पडत पडत थांबले. हवेबरोबर ओढले जाणारे वाटीतले जादा तेल संपले होते, एवढेच. तो परत आला, धुरात चाचपडताना त्याचा हात तापलेल्या सायलेन्सरवर पडला, आणि त्याच क्षणी आबा वळले.

"शाब्बास!" आबा म्हणाले होते. आणि त्यांनी त्याला मिठी मारली.

सांगायचे त्याने ठरवले नव्हते असे नाही. पण या घरात कुजबुज नावाचा प्रकारच नव्हता. आबांना काही सांगायचे म्हणजे ओरडायचे, आणि ओरडायचे म्हणजे गल्लीला सांगायचे. घरातल्या भाजीत मीठ जास्त झाले तरी ते समोरच्या शिंप्याला आबांच्या आधी कळे. जन्मभर हलक्या आवाजाची सवय झालेल्या माणसाला साधे जेवायला बोलावणेही जड जाई. तरी एका सकाळी तो त्यांच्या कानाशी वाकला होता.

"आबा, त्या दिवशी मी..."

"काय?"

"त्या दिवशी..."

"मोठ्यानं बोला की! घड्याळ आहे का मी, कानाशी टिकटिक करायला?"

समोरून शिंपी मान वर न करता ओरडला, "आबा, त्या दिवशी म्हणतायत!"

"कुठल्या दिवशी?"

"कुठल्या दिवशी, विचारतायत!" शिंप्याने निरोप परत पोहोचवला. नळावरच्या बायका हसल्या.

"त्या दिवशी," तो जोर करून म्हणाला, "सोळाचा पाना कुठे ठेवलात?"

आबांनी पाना दाखवला. पाना त्याच्याच हाताखाली होता.

बायकोला सांगता आले असते. तिला सगळे ऐकू येत होते. पण रोज पट्टी बदलताना ती त्याचा हात असा धरी, की तो हात कुणा दुसऱ्याचा असावा असे त्याला वाटे. एकदाच ती म्हणाली होती, "आबा सोडले तर माझं रक्ताचं कोण आहे?" आणि मलम लावून झाल्यावरही तिने हात सोडला नव्हता.

हेही एखादा गिळून बसला असता. पण त्या दिवसापासून आबा बदलले होते. पूर्वी इंजिन चालू असले की त्यांची एक नजर नेहमी तिकडे असे. कान गेले म्हणून डोळ्यांवर काम टाकलेला माणूस तो. आता ते मुद्दाम पाठ फिरवून बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मागे जावई आहेत. मला काय बघायचंय?" आणि त्या रुंद, निर्धास्त पाठीकडे पाहिले की त्याची नजर आपोआप दाराकडे जाई. उद्या पुन्हा काही झाले तर आपण काय करू, हे त्याला ठाऊक होते. जगात ते फक्त त्यालाच ठाऊक होते.

"चालू करा मग," बर्फवाला म्हणाला. "मी टेम्पो घेऊन येतो तोवर." तो गेला.

इंजिन उघडून, पिस्टनच्या रिंगा बदलून, पुन्हा जुळवून झाले होते. त्याने वाटीत तेल ओतले, रेघेपर्यंत. खाली बसून पाहिले, उभ्याने पाहिले. मग वाटी बसवली, डिझेलच्या नळीतली हवा काढली. आबा ग्राइंडरपाशी जाऊन बसलेच होते, पाठ करून.

तेव्हा त्याला ते सुचले. इतके दिवस कसे सुचले नाही याचेच त्याला नवल वाटले.

इंजिन चालू असताना या घरातली माणसे ओठांनी बोलत. आवाज काढण्यात अर्थच नसे; इंजिन थांबले की मात्र आबा कुणाच्या ओठांकडे पाहतच नसत. आईवेगळी लेक शेडमध्येच वाढली, आणि बापलेक त्या गदारोळात बसून, ब्र न काढता, तासन् तास गप्पा मारत. भांडतसुद्धा. त्याला ती विद्या कधी नीट आली नाही. पाणी, चहा, बंद, पाना, एवढे ओळखू येई. तो बोलू लागला की आबा म्हणत, "ओठ उघडा की जरा, दारावर कडी घातल्यासारखे काय बोलता!" पण बोलता आले असते. इंजिनाच्या आवाजाखाली, फक्त आबांना दिसेल असे, सगळे. गल्लीला काही कळले नसते.

त्याने झडपेची लहान दांडी उचलली, हँडल लावले आणि फिरवू लागला. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, शिकवल्याप्रमाणे. चाक वेगात आले तशी त्याने दांडी पाडली. इंजिन एकदा खोकले, पुन्हा खोकले, आणि धरले. त्याने हँडल काढून घेतले. धूर काळा आला, करडा झाला, निवळला. ठोका सारखा पडू लागला.

तो वळसा घालून आबांसमोर गेला आणि त्यांच्या गुडघ्याला हात लावला. आबांनी छिन्नी बाजूला केली आणि वर पाहिले.

"आबा," त्याने आवाज न काढता म्हटले, "मी पळालो होतो."

आबांनी डोळे बारीक केले.

"तुम्हाला आत सोडून पळालो. टाकीमागे लपलो होतो. ते आपोआप बंद पडलं. मी काही केलं नाही. माझ्या भरवशावर पाठ करून बसू नका."

सगळे बोलून झाले. इतकी वाक्ये एका दमात तो या घरात कधी बोलला नव्हता. छातीवरचा दगड हलला असे वाटायला लागले, तोच आबांनी मान वाकडी केली, भुवया उचलल्या आणि हाताचा पंजा फिरवला. काही कळले नव्हते. ओठांवर कडी तशीच होती.

पुन्हा बोलायला त्याने तोंड उघडले. मघाचे धैर्य आता तिथे नव्हते.

आबा त्याच्या बाजूला, दाराकडे पाहत होते. त्यांचा आवाज इंजिनालाही पुरून उरे. "काय म्हणतायत गं हे?" त्यांनी विचारले.

तो वळला. दारात बायको उभी होती, हातात चहाचे दोन पेले. ग्राइंडरपासून दार चार पावलांवर. आबांकडे तोंड करून बोलणाऱ्या त्याचे ओठ तिथून बाजूने लख्ख दिसत असणार. ती केव्हा आली ते त्याला कळले नव्हते. तिच्या पेल्यांतली वाफ केव्हाच विरली होती.

ती पुढे आली, बापाच्या समोर उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. त्याला तिची फक्त वेणी दिसली, आणि हनुवटीची किंचित हालचाल. फार लांबले नाही ते. आबांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हते. मग तो चेहरा सुरकुत्या-सुरकुत्यांनी उघडला आणि आबा हसले.

"आवाज बरोबर लागलाय, हे मला सांगताय होय?" ते गरजले. "अहो, बहिऱ्याकडे कसली दाद मागता! तुम्ही म्हणता ना बरोबर, मग बरोबर!"

त्यांनी एक पेला घेतला, गार चहा एका घोटात संपवला, छिन्नी उचलली आणि इंजिनाकडे पाठ केली. चाकावर ठिणग्यांची माळ उठली.

ती दुसरा पेला घेऊन त्याच्याकडे आली. त्याने हात पुढे केला, पण तिने पेला दिला नाही. तिने त्याच्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. एखादे यंत्र उघडून ठेवलेले असावे आणि बिघाड नेमका कुठे आहे ते शोधावे, तशी ती पाहत होती. मग तिचे ओठ हलले. अगदी सावकाश, शब्द सुटे करून, नवशिक्याला दाखवावेत तसे.

"आत मी असते तर?"

एक एक अक्षर त्याला वाचता आले. या घरात आल्यापासून त्याला इतके स्वच्छ काहीच वाचता आले नव्हते. इंजिन सारख्या ठोक्याने चालले होते, आबांची पाठ हलत होती, आणि ती उत्तरासाठी थांबली होती.

त्याने बोट इंजिनाकडे केले, मग कानाकडे नेले, आणि काही कळले नाही अशी मान हलवली.